गोणीतले दगड : पुणे ते कोकण, सहा दिवस

आधीच सांगतो, मी जिऑलॉजीवाला नाही. रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, १८ वर्षं झाली. आमच्याकडे कच्चा माल गोण्यांतून येतो, रेड ऑक्साइड, यलो ऑक्साइड, कॅल्साइट, टाल्क, चायना क्ले, सिलिका, आणि सगळ्यात महाग ते टायटॅनियम डायऑक्साइड. मी सॅम्पल काढतो, टेस्ट करतो, सही करतो, पास. ही सगळी मंडळी मुळात कुठल्यातरी डोंगरातून आलेली आहेत हे माहीत असायचं पण ते पृथ्वी गोल आहे हे माहीत असतं तसं.

मग भाच्याचा, इयत्ता आठवी, शाळेचा प्रोजेक्ट आला. 'खडक व खनिजे ओळखणे'. ताईने फोन केला की तू केमिस्ट्रीचा ना, तूच बघ. भाचा एक दगड घेऊन आला आणि म्हणाला मामा हा कुठला, आणि मी सरळ म्हणालो पावडर करून दे मग सांगतो. बायको इतकी हसली की शेवटी डिसेंबरच्या सुट्टीत कोकणात जायचंच होतं ते दगड बघत बघत जायचं ठरलं.

सामान काय घेतलं ते सांगतो कारण पुढे सगळं त्यावरच आहे. एक दहापट मोठं दाखवणारं भिंग. जुन्या स्पीकरमधलं चुंबक. पेनाचा चाकू. बाथरूमच्या टाइलचा तुकडा, त्याची मागची पांढरी खडबडीत बाजू कामाची. लिंबं. आणि आईच्या पूजेतली तांब्याची पळी. पळी का, तर कठीणपणा बघायला. मोह्स नावाच्या जर्मन माणसाने १८१२ साली १ ते १० अशी पट्टी लावून ठेवलीय, टाल्क १ आणि हिरा १०. नख साधारण अडीच, तांबं तीन, चाकू साडेपाच. पुस्तकात तांब्याचं नाणं म्हणतात पण आपली हल्लीची नाणी निव्वळ तांब्याची नसतात, त्यामुळे पळी. आईला सांगितलं नव्हतं.

दिवस पहिला, पुणे ते कोल्हापूर

पुण्यातला माणूस जन्मभर एकाच दगडावर राहतो. काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. ६.६ कोटी वर्षांच्या आसपास लाव्हाचे थरावर थर पसरले ते हे, आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर ते आहेत. घाटात रस्ता कापलाय तिथे गाडी कडेला घेऊन बघा, जाड काळा थर, मग विटेसारखी लाल पातळ पट्टी, मग परत काळा. ती लाल पट्टी म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा भाग हवापाण्याने कुजला, माती झाला आणि वरून पुढचा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. एवढी वर्षं ह्या घाटातून जातोय, मला वाटायचं कुणीतरी मुरूम टाकलाय.

बेसॉल्ट भिंगातून बघितला तर निराशाच होते, कण इतके बारीक की काही वेगळं दिसत नाही. आत प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, पायरॉक्सीन ही खनिजं आणि थोडं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकी ऑक्साइड. रसायनाच्या भाषेत साधारण निम्मी सिलिका, १२ ते १४ टक्के लोहाची ऑक्साइड्स, तेवढाच ॲल्युमिना, १० टक्क्यांच्या आसपास चुना, मग मॅग्नेशिया वगैरे. दोऱ्याला टांगलेलं चुंबक जवळ नेलं की किंचित ओढलं जातं. भाच्याला हे फार आवडलं, दगड आणि चुंबक ओढतोय म्हणजे जादूच.

पण खरी मजा साताऱ्याच्या अलीकडे एका शेतात. नवीन विहीर खोदलेली आणि बाहेर दगडांचा हा ढीग. मालकांना विचारलं तर म्हणाले न्या की ट्रॉली भरून, उपकार होतील. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांतून पाणी फिरतं आणि भिंतीवर खनिजं जमतात. एकाच ढिगात चार पांढऱ्या वस्तू सापडल्या आणि चारही माझ्या मते गारगोट्या होत्या.

भाच्याने पळी काढली. पहिल्या दगडावर पळीचा ओरखडा जेमतेम उठला, चाकूचा तर सहज, चाकूने थोडी भुकटी करून लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे. कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेट. फोडला तर तिरक्या ठोकळ्यांतच फुटतो, कितीही लहान तुकडा केला तरी तोच तिरका ठोकळा. दुसरा चाकूलाच दाद देईना, उलट चाकूचं लोखंड त्याच्यावर पेन्सिलीसारखं उमटलं, फुटला तर काचेसारखा वाकडातिकडा. हा क्वार्ट्झ, म्हणजे खरी गारगोटी, सिलिकॉन डायऑक्साइड, कठीणपणा ७. तिसरा पीच रंगाचा, गव्हाच्या पेंढीला मधोमध बांधल्यासारखा दिसणारा, लिंबाला गप्प पण चाकूने ओरखडला गेला. स्टिलबाइट. चौथा पांढऱ्या सुयांचा झुबका, स्कोलेसाइट. ही दोघं झिओलाइट घराण्यातली, कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे सिलिकेट आणि रचनेत पाणी धरलेलं. तापवलं की पाणी उकळल्यासारखं बाहेर येतं म्हणून १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेटने 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं ग्रीक नाव ठेवलं. आपल्या पुण्याच्या आसपासच्या खाणींतले हे आणि अशाच पोकळ्यांतले इतर नमुने जगभरच्या म्युझियममध्ये आहेत, पाषाणच्या टेकडीतलं हिरवं अपोफायलाइट, वाघोलीचं गडद निळं कॅव्हन्साइट. पाषाण गावात पाषाण, ह्या विनोदावर घरच्यांनी बंदी घातलीय.

काही पोकळ्यांच्या आत शेवाळासारखा हिरवा लेप होता. सेलाडोनाइट. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा. मी रंगाच्या धंद्यात १८ वर्षं आणि हे मला विहिरीच्या ढिगावर उभं राहिल्यावर आठवतंय.

दिवस दुसरा, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट

सकाळी मिसळ. त्यावर लिहायला लागलो तर दगड राहतील.

गारगोटी नावाचं गाव ह्याच भागात, भुदरगड तालुक्यात, भाच्याला तिथे जायचंच होतं, वाट वाकडी होत होती म्हणून नाही गेलो तर तो राधानगरीपर्यंत बोलला नाही. राधानगरीच्या वरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, लाल दगड सुरू होतो, काही ठिकाणी त्यात वाटाण्याएवढ्या गोळ्या गोळ्या दिसतात. बॉक्साइट. दुर्गमानवाडकडे ह्याच्या खाणी आहेत. आपण ॲल्युमिनियमचं पातेलं म्हणतो ना त्याचं मूळ हे, मुख्यतः गिब्साइट म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. हातात धरलं तर वाटतं वाळलेला चिखल आहे. ह्यात धातू आहे असं कुणाला वाटणारही नाही.

फोंडा घाट उतरताना बेसॉल्ट तुमची साथ सोडतो. एकदम पाटी वगैरे लागत नाही, पण खाली आलं की कडेचे दगड फिकट, दाणेदार दिसायला लागतात. लाव्हा ज्या जमिनीवर पसरला ती जुनी जमीन इथे उघडी पडलीय, कलादगी गटाचे वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट, ५४ कोटी वर्षांच्याही कितीतरी आधीचे. मला हे फार भारी वाटलं, म्हणजे एवढा मोठा महाराष्ट्र ज्याच्यावर उभा आहे त्याच्या खालचा मजला बघतोय आपण.

नांदगावला हायवेला लागून थोडं वर कासार्ड्याकडे गेलो, तिथे सिलिका वाळूचे ढीग, लांबून साखरेचेच वाटतात. जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ. काचेला जाते, फाउंड्रीच्या साच्यांना जाते. ही माझी पहिली गोणी, म्हणजे ओळखीची निघालेली. भाच्याने 'क्वार्ट्झने काच ओरखडते' हे सिद्ध करायला कणभर वाळू माझ्या चष्म्यावर घासली. चष्म्याच्या काचा प्लास्टिकच्या असतात त्यामुळे काहीच सिद्ध झालं नाही आणि पुढचे चार दिवस मी डाव्या डोळ्याने कोकण धुक्यात बघितलं.

रात्री मालवणात लाइट बंद करून बाथरूममध्ये दोन गारगोट्या घासल्या. आम्ही लहानपणी हे करायचो. आतून फिकट पिवळसर उजेड येतो, आणि जळकट वास. ठिणगी नाही, दगडच आतल्या आत उजळतो. बायको आधी म्हणाली काय पोरकटपणा, मग अर्धा तास तीच घासत बसली.

दिवस तिसरा, मालवण

जांभ्याचा दिवस. कोकणातल्या माणसाला जांभा शिकवायची गरज नाही, घर, विहीर, गडगा सगळं त्याचंच. पण घाटावरच्यांसाठी सांगतो. जांभा हा लाव्हासारखा वितळलेल्यातून आलेला नाही आणि वाळूसारखा गाळातून साठलेलाही नाही, तो कुजून झालाय. मुसळधार पाऊस, उष्णता आणि लाखो वर्षं, मूळ दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धुऊन गेलं, मग सिलिकाही बरीचशी गेली, आणि जे विरघळत नाही ते मागे राहिलं, लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून तो लाल, म्हणून त्याला भोकं, आणि भोकांत पांढरी-पिवळी माती. पांढरी म्हणजे केओलिनाइट, आमची चायना क्ले, दुसरी गोणी. बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात अंगाडीपुरमला ह्याच्या विटा कापताना बघितलं आणि १८०७ च्या त्याच्या पुस्तकात लॅटराइट नाव आलं, लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट.

एका चिरेखाणीवर विचारून आत गेलो. हल्ली मशीनच्या गोल करवतीने चिरे कापतात, लाल धूळ इतकी की भाचा पाच मिनिटांत स्वतःच जांभा झाला. ताज्या चिऱ्यात चाकू चक्क रुततो. तिथल्या काकांना विचारलं की एवढ्या मऊ दगडाचं घर टिकतं कसं, तर म्हणाले, "काढताना मऊ असता, मगे वारो-ऊन लागला की घट होता." हे अगदी खरं आहे, सुकताना आतल्या लोहाची संयुगं घट्ट धरतात. बुकाननने पण हेच लिहिलंय, फक्त ह्यांनी एका वाक्यात सांगितलं.

दुपारी जेवून आडवे झालो आणि इकडे कांड झालं. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओसरीला शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरात काळ्या कडाप्प्याचा ओटा. भाच्याला सकाळी मीच सांगितलं होतं की शहाबाद, कोटा, कडाप्पा हे सगळे चुनखडकच, म्हणजे परत कॅल्शियम कार्बोनेट, कडाप्पा काळा असला म्हणून फसू नकोस. तर त्याने चाकूने फरशी खरवडून लिंबू पिळलं आणि भिंग लावून बुडबुडे मोजत बसला. घरमालकीण काकू बाहेर आल्या. "अरे बाबू, फरशेर लिंबू कित्याक पिळतंस? डाग पडतले मा!" पडलाच. पैशाएवढा मळकट डाग, चकाकी गेलेली, आणि तो पुसून जात नाही कारण तिथला दगडच विरघळलेला असतो. मी माफी मागितली, काकूंनी सोलकढी दिली, आणि वर भाच्याला ओट्यावर कोकमाचे डाग दाखवून म्हणाल्या ह्ये बघ, तुझा ॲसिड आमच्याकडे रोजचाच. त्या बाई आमच्या लॅबमध्ये चालल्या असत्या.

ह्यावरून आठवलं, दुकानात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून ओट्याला जो लावतात तो भूशास्त्राच्या हिशोबाने बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, आपल्या बेसॉल्टचाच जाड दाण्यांचा भाऊ. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये तीन मंडळी वेगवेगळी दिसायला पाहिजेत, राखाडी काचेसारखा क्वार्ट्झ, गुलाबी किंवा पांढरा फेल्डस्पार, आणि चमकणारा अभ्रक. लिंबाचं मात्र दोघांनाही काही वाटत नाही, त्यामुळे ओटा घेताना रंगापेक्षा लिंबू खिशात ठेवा.

दिवस चौथा, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी

ह्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

शिरोड्याच्या पुढे रेडीकडे जाताना रस्ताच लाल होतो. जांभ्याचा लाल नाही, वेगळा, काळपट जांभळा लाल, झाडांच्या पानांवरही तीच पूड. रेडी म्हणजे लोहखनिजाच्या खाणी. इथला दोन हातांचा गणपतीही १९७६ मध्ये ह्या खाणीच्या भागातच सापडला. आधी दर्शन घेतलं, मग खाणीत जायची परवानगी नसते म्हणून रस्त्याच्या कडेला सांडलेले दगड बघत चालत होतो. भाचा एक मुठीएवढा दगड उचलायला वाकला आणि "ओह" म्हणाला. वजन. क्वार्ट्झ पाण्याच्या २.६५ पट जड, हेमटाइट, म्हणजे इथलं मुख्य लोहखनिज, पाचपटीहून जास्त. डोळे मिटून दोन हातांत दोन दगड धरा, दुसरं काही करायचीच गरज नाही.

तरी टाइल काढली. दगड दिसायला काळा-राखाडी, जवळजवळ स्टीलसारखी चमक. टाइलच्या मागच्या बाजूवर घासला आणि रेघ उठली ती लाल, रक्तासारखी तपकिरी लाल. दुसरा दगड, तपकिरी, मातकट, त्याची रेघ पिवळी. तिसरा काळाच, चुंबकाला टकन चिकटला, रेघ काळी. म्हणजे हेमटाइट, गोथाइट आणि मॅग्नेटाइट. पहिल्यात दोन लोह-अणूंना तीन ऑक्सिजन, शुद्ध असेल तर वजनाने ७० टक्के लोखंड. गोथाइटमध्ये हायड्रॉक्सिल असतो म्हणून लोखंड ६३ टक्क्यांच्या आसपास. मॅग्नेटाइट सगळ्यात श्रीमंत, ७२ टक्के. दगडाचा वरचा रंग काहीही असो, पुडीचा रंग खोटं बोलत नाही.

आणि मी त्या टाइलकडे बघत उभा राहिलो कारण ती लाल रेघ आणि ती पिवळी रेघ मी रोज बघतो. रेड ऑक्साइड म्हणजे हेच, यलो ऑक्साइड म्हणजे तेच. आमचं कारखान्यात कृत्रिम बनवलेलं येतं पण संयुग अगदी तेच. माझ्या युनिफॉर्मच्या उजव्या बाहीला १८ वर्षं जो डाग आहे, जो कुठल्याच साबणाने गेला नाही, तो रंग इथे अख्ख्या गावाच्या झाडांवर बसलाय. बायको म्हणाली इथे तुझे कपडे मळलेले दिसणारच नाहीत, इथेच राहू.

एका दगडात लाल-काळे आणि पांढरट पट्टे होते, एकाआड एक, थरांच्या केकसारखे. पट्टेरी लोहखडक. पांढरे पट्टे क्वार्ट्झचे, काळे लोहाचे. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन नव्हता तेव्हा समुद्राच्या पाण्यात लोह विरघळून फिरायचं, मग सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली आणि ते लोह गंजून तळाशी बसत गेलं, अडीचशे कोटी वर्षांहून जुनी गोष्ट. भाचा म्हणाला म्हणजे मामा हा गंज आहे? हो रे, गंजच, फक्त कुणी पुसला नाही.

तो दगड वहीत '४-क' म्हणून नोंदला आहे. आम्ही नियम केला होता की आधी वजन, रेघ, कठीणपणा, लिंबू, चुंबक लिहायचं आणि नाव शेवटी. मी तीनदा मोडला, त्याने एकदाही नाही.

दिवस पाचवा, देवाचे गोठणे

दिवसभर ड्रायव्हिंग. मध्ये राजापूर तालुक्यात देवाच्या गोठण्याला सड्यावर गेलो, कातळशिल्प बघायला. जांभ्याच्या सपाट सड्यावर कोरलेली माणसाची आकृती, कोणी कोरली कधी कोरली, गावातल्यांनाही ठाऊक नाही. कोकणातली काही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, हे त्यातलंच एक. आणि इथे होकायंत्र भरकटतं. फोनमधलं कंपास ॲप लावून आकृतीजवळ नेलं तर उत्तर दिशा इकडची तिकडे, दोन पावलं सरकलो की आणखी तिसरीकडे. जांभ्यात हेमटाइट-गोथाइटबरोबर मॅग्हेमाइट नावाचं लोहाचं चुंबकी ऑक्साइडही असू शकतं, तेव्हा दगड सुईला ओढतो ह्यात चमत्कार नाही. पण कोरणाऱ्याने नेमकी हीच जागा का धरली ह्यावर गाडीत रत्नागिरीपर्यंत भांडण झालं. इथला एकही खडा उचलला नाही, आणि उचलूही नये.

दिवस सहावा, रत्नागिरी आणि परत

सकाळी काळबादेवीच्या किनाऱ्यावर. वाळूत काळे पट्टे असतात, लाट मागे जाताना हलकी वाळू नेते आणि जड काळी ठेवते. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचं, नाहीतर चिकटलेले कण आयुष्यभर निघत नाहीत. जे उडी मारून चिकटतं ते मॅग्नेटाइट. जे नुसतंच हलतं, कंटाळल्यासारखं, ते बहुतेक इल्मेनाइट, लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. शुद्ध इल्मेनाइटमध्ये निम्म्याहून थोडं जास्त टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ही काळी वाळू गंधकाम्लात विरघळवून, लोह काढून टाकून जे पांढरंशुभ्र उरतं ते भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये. म्हणजे आमची सगळ्यात महाग गोणी, जी सांडली की सुपरवायझर ओरडतो, ती माझ्या पायाच्या बोटांमध्ये होती. मूठभर वाळू मी नुसती ओंजळीत धरून बसलो होतो, भाचा म्हणाला मामा पुढची टेस्ट करायचीय ना.

आंबा घाट चढताना परत काळा कातळ सुरू झाला. डिकीत अंदाजे १५ किलो दगड, गाडी मागून बसलेली.

घरी पोचलो तर आईने आधी पळी मागितली. पळीवर इतके ओरखडे की लपवणं शक्यच नव्हतं, म्हणून मी विषय बदलायला भाच्याला म्हटलं आजीचा पाटा बघ बरं, तो कुठला दगड. पाटा आईच्या सासूबाईंच्या वेळचा, बेसॉल्ट, दर दोन-तीन वर्षांनी टाकी लावून घेतलेला. त्यात मधेमधे खड्डे आहेत, मसुराएवढे, चटणी त्यात अडकते आणि आई काडीने काढते. भाच्याने भिंग लावलं. कडेला, जिथे वरवंटा पोचत नाही तिथे, खड्ड्यांऐवजी पांढरे ठिपके होते, त्याच आकाराचे. त्याने कुणाला न विचारता एका ठिपक्यावर लिंबू पिळलं आणि ठिपका फसफसला.

"आजी, तू ह्यावर चिंच वाटतेस का गं?"

"मग काय नुसतं खोबरं वाटू? उठ तिथून, आणि ती पळी चिंचेनेच घासून दे मला."